जुन्या सायकलवर डोंगर चढायचाय, आणि उतरायचाही

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये जुन्या, परत बांधलेल्या सायकलींबद्दल इतकं आलंय की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले. पहिलं पत्र मोठं आहे आणि उत्तरही मोठं आहे, कारण त्यात जवळजवळ सगळ्यांचेच प्रश्न येतात.

प्रश्न: नमस्कार ताई, माझ्याकडे १९७०च्या दशकातली स्टीलची दहा गिअरची रोड सायकल आहे. कित्येक वर्षं पडून होती, गेल्या वर्षभरात मी ती पूर्ण खोलून परत बांधली. पावडर कोटिंग केलं, बेअरिंगचे छर्रे नवे, केबल नव्या, चेन नवी, चाकांचे आउट काढून घेतले, डांबरी रस्त्यावर एकदम मस्त पळते. आता ग्रुपचा एक डोंगरी राइडचा बेत आहे, ७० किलोमीटर, त्यातले ४५ कच्चे, एकूण चढ १६०० मीटर आणि शेवटी ९ किलोमीटरचा उतार, सगळा खडी आणि सुट्या दगडांचा. बाकी सगळे नव्या माउंटन बाइक नाहीतर ग्रॅव्हल बाइकवर येणार आहेत आणि मला सांगतायत की ही आणू नकोस, मोडेल. मला हीच न्यायचीय. पुढे ५२ आणि ४२ दात, मागे १४ ते २८, स्टीलच्या २७ इंची रिम, सव्वा इंची टायर. नेऊ का?

उत्तर: न्या. पण आत्ता आहे तशी नका नेऊ.

मित्र म्हणतायत ते "मोडेल" कच्च्या रस्त्याच्या भीतीने म्हणतायत, आणि ती भीती मला पटत नाही. १९१० साली टूर द फ्रान्स पहिल्यांदा पिरेनीज डोंगरातल्या तुर्माले खिंडीतून गेली तेव्हा तिथे रस्ता म्हणजे माती आणि दगडच होते, गिअर बदलायचा डिरेलर तर त्या शर्यतीत १९३७ साली आला. इंग्लंडमध्ये १९५५ साली रफ स्टफ फेलोशिप नावाची मंडळी एकत्र आली ती मुद्दाम पाऊलवाटा आणि डोंगरवाटांवर सायकली घालायला, आणि त्यांच्याकडे होत्या त्या साध्या स्टीलच्या टूरिंग सायकली. इटलीत गायोले इन कियांतीला १९९७पासून लेरोइका नावाची जुन्या सायकलींची राइड होते, तिथल्या पांढऱ्या मातीच्या रस्त्यांवर लोक १९८७च्या आधीच्या सायकली घेऊन येतात, गिअरचे खटके फ्रेमच्या खालच्या दांड्यावर, ब्रेकच्या केबल हँडलवरून बाहेर आलेल्या, आणि सगळ्यात लांबचा मार्ग २०० किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे जुनी सायकल आणि माती यांचं काही वैर नाही.

मला काळजी आहे ती दोन गोष्टींची. एक तो ९ किलोमीटरचा उतार, दुसरी तुमचं ते नवंकोरं पावडर कोटिंग.

कोटिंगचं आधी सांगते कारण ते माझ्या बाबतीत झालंय. माझी पहिली सायकल मी अशीच बांधली होती, रंग इतका सुंदर आला होता की मला ती नवीनच वाटायला लागली, आणि हँडलकडून एक करकर आवाज यायचा तो मी तीन वेळा ग्रीस लावून घालवला. चौथ्या वेळेला तो आवाज एका दगडी उतारावर आला आणि हँडल हाताला जरा मऊ लागलं, दुसरा शब्द नाही माझ्याकडे त्याला, मऊ लागलं. थांबले, उतरले, स्टेम, म्हणजे हँडल धरून फ्रेममध्ये जाणारा दांडा, वर ओढून बाहेर काढला तर खालच्या चिरेपासून वर गेलेला तडा, बोटाच्या पेरापेक्षा लांब. आणखी दोन वळणं झाली असती तर तो कुठे तुटला असता याचा विचार मी अजूनही करते. त्या दिवशी बाकीचा उतार मी पायी उतरले.

यातलं कारण समजून घ्या. स्टीलला एका मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा दिला तरी ते सहसा थकत नाही, अ‍ॅल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते, प्रत्येक हिसका कुठेतरी जमा होत राहतो आणि पन्नास वर्षांचा हिशोब तुमच्याकडे नाही, आधीच्या मालकाने काय केलं तुम्हाला माहीत नाही. म्हणून अ‍ॅल्युमिनियमचं हँडल आणि स्टेम, दोन्ही बदलाच, पॉलिश कितीही छान झालेलं असो. क्रँक अ‍ॅल्युमिनियमचे असतील तर पायडल जिथे आटे घेऊन बसतं ती जागा आणि चेनरिंगचे, म्हणजे पुढच्या दातेरी चकत्यांचे, पाच हात जिथे क्रँकला मिळतात त्या बेचक्या, या दोन ठिकाणी भिंग घेऊन बघा. कापसाचा बोळा फिरवून बघायची युक्ती पण चांगली, तडा असेल तर धागे अडकतात. नवा स्टेम बसवताना "इथपर्यंत आत" ची खूण असते तिच्या वर काढू नका, उंची कमी वाटली तर उंच स्टेम घ्या.

फ्रेम स्टीलची आहे, तिला मी जास्त मानते. चांगल्या नळीची असेल, म्हणजे रेनॉल्ड्स ५३१ वगैरे, ती नळी तर १९३५पासून आहे आणि त्या काळातल्या कित्येक फ्रेम आजही रोज चालतायत. पण तिलाही बघा. हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीच्या, लगेच मागे वरच्या आणि खालच्या दांड्याच्या पोटाखालून बोट फिरवा, तिथे लाट किंवा सुरकुती लागली तर ती सायकल कधीतरी समोरून आपटलेली आहे, कोटिंगखाली रंगाचा तडा दिसत नाही पण बोटाला लाट कळते. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, काढून त्याची उभी नळी खालच्या बेअरिंगच्या रिंगपाशी पुसून उजेडात बघा. आणि सीटपोस्ट काढून आत टॉर्च मारा, गंज बाहेरून नाही आतून खातो, वर्षानुवर्षं पावसाचं पाणी सीटच्या नळीतून बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे क्रँकचा एक्सल फिरतो त्या खालच्या नळीत, जाऊन बसलेलं असतं.

आता उतार. तुमच्या रिम स्टीलच्या आहेत हे वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि परत घेतलं. कोरड्यात त्या निभावतात, ओल्यात क्रोमच्या गुळगुळीत रिमवर रबर नुसतं घसरतं, लिव्हर हँडलला टेकली तरी सायकल पुढे जातच राहते, आणि डोंगरात ओलं व्हायला पाऊसच लागतो असं नाही, एक ओढा ओलांडला की झालं. त्यामुळे चाकं बदला, अ‍ॅल्युमिनियमच्या रिम घ्या. (स्टेमला नको म्हटलं आणि रिमला हवं म्हणते, यात गोंधळ नाही, रिम झिजते तशी दिसते आणि आपण ती नवी घेतोय.) घेताना २७ इंचीच घ्यायच्या की ७००सी, म्हणजे हल्लीच्या रोड सायकलचं माप, हा प्रश्न येईल. २७ इंचीचा टायर बसायचा व्यास ६३० मिलिमीटर, ७००सीचा ६२२, म्हणजे रिमची कड फक्त ४ मिलिमीटर केंद्राकडे सरकते, बहुतेक जुन्या लांब हाताच्या ब्रेकना तेवढं रबर खाली घेता येतं, आधी खाचेत जागा आहे का मोजून घ्या. फायदा असा की ७००सीमध्ये ३५ मिलिमीटरचे, गाठी असलेले टायर सहज मिळतात आणि लहान रिममुळे फ्रेममध्ये थोडी जागाही वाढते. दोन्ही बाजूंना आणि वर निदान ५-६ मिलिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, नाहीतर चिखलात चाक जाम होतं. मागच्या चाकाची एक अडचण आहे, पाच चकत्यांच्या जुन्या फ्रेममध्ये मागचा हब (चाकाचा मधला भाग) बसायचं अंतर १२० मिलिमीटर असतं आणि हल्लीच्या रिम ब्रेकवाल्या रोड हबचं १३०. स्टीलची फ्रेम थंडच फाकवता येते पण दोन्ही बाजूंना सारखी, माप धरून, माहीतगाराकडूनच करून घ्या, चाक जोर लावून कोंबू नका. त्यापेक्षा जुना १२०चा हब चांगला असेल तर त्यावरच नवी रिम नव्या स्पोकने बांधून घेणं मला जास्त आवडतं.

जुना हब ठेवलात तर एक्सल बाहेर काढून सपाट काचेवर लोळवून बघा. फ्रीव्हील (मागच्या दातेरी चकत्यांचा गठ्ठा) आट्यावर चढवायच्या हबमध्ये उजव्या बाजूचं बेअरिंग बरंच आत असतं, त्याच्या बाहेर एक्सलचा लांब तुकडा आधाराशिवाय राहतो, आणि खडबडीत वाटेवर तो तिथेच वाकतो. लोळताना लचकला तर नवा टाका.

ब्रेकचं अजून एक. त्या दशकातल्या बऱ्याच सायकलींना हँडलच्या वरच्या सरळ भागावरून दाबायचे जोडीचे लिव्हर असायचे, तुमच्या सायकलला असतील तर काढून टाका. ते लवतात, लिव्हरची अर्धी चाल तिथेच संपते, आणि आपल्याला वाटत राहतं की ब्रेक आहे. उतारावर हात खालच्या वळणात ठेवा, जुन्या लिव्हरला खरी ताकद तिथूनच मिळते. रबर नवी घ्या, पन्नास वर्षांपूर्वीची रबरं लाकडासारखी होतात. केबल नवी टाकलीत पण बाहेरचं आवरणही नवं आहे ना?

गिअरचा हिशोब करून बघू. ४२ला २८ म्हणजे क्रँकच्या एका फेरीला चाकाच्या दीड फेऱ्या, साधारण ३.२ मीटर. मिनिटाला ५० फेऱ्या हे चढावरचं अगदी कमीत कमी, तेवढ्यातही वेग तासाला साडेनऊ किलोमीटर पडतो, आणि १२ टक्क्यांच्या चढावर त्या वेगाने जायचं म्हणजे तासाला ११०० मीटरच्या वर उंची चढायची. ते मुरलेल्या रेसरचं काम आहे, तेही डांबरावर. तुम्ही मग पायडलवर उभे राहाल आणि सुट्या खडीत उभं राहिलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं. पुढे मागे सारखे दात असतील, म्हणजे ३४ला ३४ किंवा २८ला २८, तर तेवढ्याच फेऱ्यांना साडेसहा किलोमीटर आणि पावणेआठशे मीटर, हे बसून, दम राखून जमण्यासारखं आहे. त्यासाठी मागे ३४पर्यंतचा फ्रीव्हील आणि लांब पिंजऱ्याचा डिरेलर लागेल, पुढे लहान चेनरिंग बसते का ते क्रँकवरच्या बोल्टच्या वर्तुळावर ठरतं, नाही बसली तर तीन चेनरिंगचा क्रँकसेट शोधा. आणि मध्ये मध्ये चालायला लागलं तर चाला, बाकीचे थांबतील.

राहिलं एकच, पण यात कंजुषी करू नका. परत बांधलेली सायकल ही अजून बसलेली नसते. कॉटर पिन, म्हणजे क्रँकला एक्सलवर धरणाऱ्या खिळ्या, असतील तर पहिल्या ५० ते १०० किलोमीटरमध्ये त्या हमखास सैल होतात, आणि लोक नट आवळत बसतात, नटाने पिन ओढली जात नाही, आटे जातात फक्त, पिन ठोकून किंवा प्रेसने दाबून बसवायची आणि मग नटाने धरून ठेवायची. नव्या बांधलेल्या चाकात समांतर स्पोकच्या जोड्या हाताने जोरात दाबून घ्या, चाकभर, मग परत आउट बघा. सांताक्रूझच्या डोंगरातल्या मातीवर कित्येक वर्षं स्टीलची रोड सायकल चालवणारे अमेरिकन इंजिनिअर जॉब्स्ट ब्रँट या गोष्टीचा फार आग्रह धरायचे, आणि असं केलेलं चाक माझ्याकडे आजवर एकदाही मधेच बिघडलेलं नाही. मग तीन राइड करा. पहिली डांबरावर ४० किलोमीटर, घरी येऊन प्रत्येक नट तपासा. दुसरी सौम्य कच्च्यावर. तिसरी एक लहानच पण खरा दगडी उतार, तोच चार वेळा, आणि प्रत्येक वेळी खाली आल्यावर रिमला हात लावून बघा किती तापलीय, केबल किती ताणलीय, हेडसेट, म्हणजे हँडलखालचं बेअरिंग, डुगडुगतोय का. तिसऱ्या राइडनंतर काहीच आवळावं लागलं नाही तर मित्रांना सांगा येतोय म्हणून.

प्रश्न: ताई, माझ्या सायकलला मूळचे स्टीलचे मडगार्ड आहेत, फार देखणे आहेत, मातीच्या राइडला ठेवू की काढू?

उत्तर: काढा. पुढच्या मडगार्ड आणि टायरमध्ये एखादी काडी किंवा दगड ओढला गेला तर पत्रा गोळा होतो, चाक जागीच थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. कोरड्या पक्क्या रस्त्यावर परत लावा की.

प्रश्न: ताई, मी कॉलेजला आहे, माझ्याकडे १९४०च्या आसपासची जाड टायरची, एकच गिअरची सायकल आहे, पायडल मागे फिरवलं की ब्रेक लागतो अशी. हँडब्रेक नाही. मीच ग्रीस-बिस करून चालू केली. डोंगरावरून खाली सोडायची फार इच्छा आहे. होईल ना?

उत्तर: तुझी सायकल ज्या प्रकारची आहे ना, त्याच प्रकारच्या सायकलींवरून माउंटन बाइक जन्माला आली, हे तुला माहीत असेल नसेल म्हणून सांगते. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मुलं १९३०-४०च्या दशकातल्या जाड टायरच्या श्विन कंपनीच्या सायकली शोधून काढायची, वरचं सगळं ओझं उतरवायची आणि मातीच्या उतारावरून सोडायची, १९७६पासून त्यांनी तिथे घड्याळ लावून शर्यती सुरू केल्या. त्या उताराचं नाव पडलं रिपॅक, का तर एकदा खाली आलं की मागच्या हबमधल्या ब्रेकने इतकी उष्णता धरलेली असायची की आतलं ग्रीस धूर होऊन उडून जायचं आणि हब खोलून परत ग्रीस भरावं लागायचं. साधारण ३ किलोमीटरमध्ये ४०० मीटर उतार होता तो.

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या नावातच आहे. तो ब्रेक एकच, मागच्याच चाकाला, तापला की कमी होत जातो आणि चेन उतरली किंवा तुटली की अजिबात राहत नाही. त्याच मुलांनी पुढे या सायकलींना पुढचे ब्रेक आणि गिअर लावले आणि १९७७मध्ये जो ब्रीझ यांनी तर मुद्दाम नवी फ्रेमच बांधली, कारण जुनीवर किती धकतं ते त्यांना कळलं होतं. तू पुढे एक चांगला हँडब्रेक बसवून घे, फोर्कला छिद्र असेल तर सोपं आहे, रिम स्टीलची असेल तर वर लिहिलंय ते वाच. चेन ताणून बसव, बोटाने दाबली की एक-दीड सेंटिमीटर हलेल इतकीच. हबचा तो लोखंडी हात फ्रेमच्या दांड्याला पट्टीने धरलेला असतो, त्या पट्टीचा बोल्ट बघ, तो सुटला तर एक्सलच फिरतो. आणि लहान उतारापासून सुरू कर, हबला हात लावून बघत जा. हे सगळं केलंस तर जा, मला फोटो पाठव.

प्रश्न: नमस्कार. जुनी सायकल घेऊन लांब जाताना पाने-हत्यारं काय घ्यावीत? नव्या सायकलचं किट चालत नाही असा अनुभव आला.

उत्तर: नाहीच चालत. ॲलन कीचा गुच्छ घेऊन गेलात आणि सायकलवर सगळीकडे नटच असले तर काय करणार. घरी एकदा सायकलभोवती फिरून प्रत्येक नटाला कुठला पाना लागतो ते बघा आणि तेवढेच घ्या, चाकाच्या नटांना बहुतेक १५चा लागतो. दोन ट्यूब, पॅच आणि सोल्यूशन, टायर कापला तर आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, चेन तोडायचं यंत्र, ब्रेकची एक लांब केबल (मागची, ती पुढेही चालते), कॉटरवाली असेल तर एक जादा कॉटर. मागच्या उजव्या बाजूचा स्पोक तुटला तर फ्रीव्हील काढल्याशिवाय नवा जात नाही, आणि फ्रीव्हील काढायचा तुकडा प्रत्येक कंपनीचा वेगळा, शिवाय तो फिरवायला मोठा पाना लागतो. त्यामुळे तिथे नवा स्पोक घालायच्या भानगडीत न पडता तुटका काढून टाका, शेजारचे दोन थोडे सैल करा म्हणजे चाक फ्रेमला घासणार नाही, मागचा ब्रेक जरा मोकळा करा आणि हळू घरी या.

प्रश्न: ताई, शेवटचं विचारते, बूट कुठले घालू? माझ्या सायकलला जुने पिंजऱ्याचे पायडल आणि चामडी पट्टे आहेत, मला ते बदलायचे नाहीत.

उत्तर: नका बदलू, छान असतात ते. कडक तळव्याचे पण चालता येतील असे बूट घ्या, खाली लोखंडी किंवा प्लास्टिकची क्लीट (पायडलमध्ये अडकणारी पट्टी) नसलेले. उतार सुरू व्हायच्या आधी थांबून पट्टे सैल करा, दोन्ही, कारण सुट्या दगडांवर पाय झटकन जमिनीला लावावा लागतो आणि आवळलेला पट्टा ऐन वेळी सुटत नाही. आणि चालायची तयारी खरंच ठेवा. १९१३च्या टूर द फ्रान्समध्ये तुर्मालेवरून उतरताना फ्रेंच रेसर युजीन क्रिस्तोफ यांचा फोर्क मोडला, तेव्हा बाहेरची मदत घ्यायची नाही असा नियम होता, ते सायकल खांद्यावर घेऊन दहा किलोमीटरहून जास्त चालत सेंत-मारी-द-कांपां गावात आले, तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क जोडला, आणि भाता मारायला एका पोराने हात लावला म्हणून त्यांना दंड झाला. जोडून झाल्यावर ते परत सायकलवर बसले आणि शर्यत पुरी केली. तुमच्या बुटांनी निदान दोन-तीन किलोमीटर दगडांतून नीट चालता येतंय का, ते निघायच्या आठवडाभर आधी सायकल हातात धरून, चालून बघा.